श्रीकांतच्या मागचा केर

श्रीकांत बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरतो न शिरतो तोच पद्मजाने केरसुणी हातात घेतली, तशा तिच्या सासूबाई करवादल्या, "अगं, माणूस घराबाहेर पडला की लगेच केर काढू नये. त्याची पावलं पुसली जातात." पुण्याहून मुलाकडे राहायला येताना केरसुणीसुद्धा बॅगेत घालून आणणाऱ्या मालिनीबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पद्मजाने हसून मान डोलावली आणि केर काढून टाकला. श्रीकांत चिलीच्या वाळवंटात, कलामा नावाच्या तांब्याच्या खाणीच्या शहरात, डंपरांचं सॉफ्टवेअर बसवायला पंधरवड्यासाठी चालला होता. आठवड्याभरात साथीमुळे जगभरची विमानं जमिनीवर आली. तो तिकडे अडकला, सासूबाई इकडे परक्या देशातल्या डीमन गावच्या फ्लॅटमध्ये.

मग दाराशी धूळ दिसू लागली. तांबूस, पिठासारखी मऊ. बारा महिने पावसात भिजणाऱ्या या देशात कोरडी धूळ यावी कुठून? पद्मजा दोन मीटिंगांच्या मधे ती झाडून टाकी. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच असे.

तिकडचे निर्बंध सैल झाले तसा श्रीकांत सुट्टीच्या दिवशी भटकू लागला. जमिनीतून वाफा ओकणारे झरे, मिठाची मैदानं, चंद्रावरची वाटावी अशी ओसाड दरी. एकदा फोनवर म्हणाला, "पद्मा, काल गंमतच झाली. दरीतून परत फिरलो तर सगळ्यांच्या पावलांचे ठसे होते, फक्त माझे नव्हते. कुणी झाडून काढल्यासारखे."

तो हसत होता. पद्मजाची नजर मात्र दाराशी सकाळीच झाडलेल्या फरशीवर गेली.

त्या दिवसापासून तिने दाराशी केरसुणी लावू दिली नाही. सासूबाई कुरकुरत राहिल्या, धूळ साचत राहिली, आणि हळूहळू तिच्यात बुटांचे ठसे उमटू लागले. दारातून आत येणारे, रोज एखादं पाऊल पुढे. ती कुणाला काही बोलली नाही. लोकांनी वेड्यातच काढलं असतं. तिला भीती वाटे, आणि त्याहून जास्त धीर येई, की तो येतोय.

अखेर त्याला तिकीट मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल लावला. गाडी दूर ठेवून तो एकटाच मिठाच्या मैदानात चालत आला होता.

"इथे चारी दिशा सारख्याच दिसतात गं. गाडीही दिसत नाही आता. पण हे बघ, याच पावलांवरून परत जायचं." त्याने फोन वळवून मागचे ठसे दाखवले, पार क्षितिजापर्यंत गेलेले.

तेवढ्यात पद्मजाच्या पाठीमागे सर्र सर्र आवाज झाला.

"आई, नको!"

"नको काय? मुलगा घरी येतोय माझा," मालिनीबाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता. "जाणाऱ्याच्या मागे झाडू नये. येणाऱ्यासाठी झाडायलाच हवं." दारापासून कोचापर्यंत फरशी लख्ख झाली होती.

पद्मजाने फोनकडे पाहिलं. पांढरंशुभ्र मैदान गोल फिरत होतं, एकदा, पुन्हा एकदा. त्यावर कुठेही काही उमटलेलं नव्हतं.

"पद्मा," श्रीकांत हळूच म्हणाला, "मी आलो कुठून गं?"