सांडशीची बाजू

मलप्पानं सांडशीनं आडपट्टी तापल्या वाळूवर धरली आणि मान खाली घालून बघत बसला. शिकारी सुऱ्याचं पातं दोघा नवरा-बायकोनं ट्रकच्या कमानपाट्यातून ठोकून काढलं होतं. आता मूठ आणि पात्याच्या मधल्या या पोलादी पट्टीला निळा रंग चढला की काम संपणार होतं.

घासून लखलखीत केलेली पट्टी आधी पिवळसर झाली, मग तांबूस, मग जांभळी. समोर उभी असलेली शरणम्मा बघत होती. निळा आला, अगदी हवा तसा. आता उचलायला हवी होती.

मलप्पा उचलेना.

"अजून जांभळीच हाय," तो पुटपुटला.

निळा फिकटला. बघता बघता राखाडी झाला. शरणम्माच्या ओठांवर आलेला शब्द तिथंच राहिला. या भट्टीवर सांडशी नवऱ्याची आणि घण बायकोचा. सांडशी आगीवर असताना घणवालीनं बोलायचं नाही, हे नवी नवरी असतानाच सासूनं तिला बजावलं होतं. मलप्पा लहान हातोडीनं टकटक करून जागा दाखवायचा, तिथं ती घण घालायची. बोलायची कधी गरजच पडली नव्हती.

त्यानं पट्टी निववली, तेलाच्या फडक्यानं पुसली आणि दाराच्या उजेडाकडं धरली.

"कसा आला?"

शरणम्मानं पदरानं तोंड पुसलं.

"गोकर्णाच्या फुलागत."

त्याचा चेहरा सैल झाला. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. हे ऐकल्यापासून तो भट्टीवर कमी आणि बाजेवर जास्त असायचा.

"सांजच्याला वकीलसाहेब येतेत सुरा न्यायला. दाढी करून येतो."

"शिकार तर कवाच बंद झाली. ह्यानं काय उंदरं मारणार हायेत का साहेब?"

"भिंतीला लावणार हायेत. पर काम आपलं दिसलं पायजे."

काठी टेकत तो बिलोलीच्या रस्त्याला लागला. तो वळणाआड जाईपर्यंत शरणम्मा थांबली. मग तिनं पॉलिश पेपर घेतला आणि पट्टीवरचा राखाडी थर घासून काढला, पुन्हा लोखंड चमकेपर्यंत. खिळ्यावरची सांडशी तिनं आजवर फक्त झाडलोट करताना हलवली होती. घणाला सरावलेल्या हाताला ती फारच हलकी लागली. पट्टी तिनं तापल्या वाळूवर धरली.

जांभळा गेला. निळा आला. तिनं उचलली.

मलप्पा परतला तेव्हा सांडशी खिळ्यावर होती आणि शरणम्मा चूल फुंकत होती. सांडशी काढताना त्याची बोटं चोचीशी थांबली. लोखंड अजून कोमट होतं. सांडशी परत टांगून, चाचपत चाचपत त्यानं आडपट्टी पात्यावर चढवली, मूठ बसवली.

संध्याकाळी नांदेडहून यज्ञेश वकील आले. सुरा उजेडात फिरवत म्हणाले, "काका, हा निळा कसा आणलात हो? मेहुण्यासाठी अजून एक कराल?"

शरणम्मा जमिनीकडं बघत राहिली. तो आता नाही म्हणेल, असं तिला वाटलं. म्हणावं, असंही वाटलं.

"करू की," मलप्पा म्हणाला.

सकाळी भट्टी पेटवून ती घण घ्यायला वळली. घण जागेवर नव्हता. ऐरणीच्या तिच्या बाजूला मलप्पा तो हातात घेऊन उभा होता.

"असं काय करून राहिलाव? हिकडं या, तुमच्या जागी."

तो हलला नाही. भट्टीतला पाटा लाल होत आला होता. अखेर तिनं सांडशी काढली, पाटा ऐरणीवर आणला आणि लहान हातोडी उचलली.

"माझा हात हाय इथं," ती हळूच म्हणाली. "तुमाला दिसंना."

"दिसत न्हाई. ऐकू येतंय," तो म्हणाला. "टकटक जरा मोठ्यानं कर."

तिनं सांडशी घट्ट धरली आणि टकटक केली.

घण वर गेला.