थर्टल नवरा-बायकोची खोली

आमच्या शहरातल्या गरीबखान्याला लोक नुसतं ‘घर’ म्हणत. ज्याला घर उरलं नाही त्याने ‘घरात’ जायचं, ही थट्टा कोणी सुरू केली देव जाणे. मी तिथल्या धुण्याच्या खोलीत पगारी कामाला होते. नाव टॅबिथा लारवुड, तोंडाची फटकळ. राणी व्हिक्टोरिया म्हातारी झाली होती आणि तिच्याबरोबर आमचे सगळे नियमही.

त्यातला पहिला नियम असा, की दारातून आत आलं की नवरा एका अंगाला, बायको दुसऱ्या अंगाला आणि मधे भिंत. गरिबाला आत सुख लागलं तर तो बाहेर पडणारच नाही, असं ‘घर’ चालवणाऱ्या पंचमंडळींचं म्हणणं. हे ते मटणाच्या जेवणानंतर म्हणत, आणि त्यांचे टेबलावरचे रुमाल मीच धुवत असे.

केझिया थर्टल हिवाळ्याच्या तोंडावर आली. जन्मभर नवऱ्याच्या हातमागाशेजारी बसून तिने कांड्यांवर सूत भरलं होतं. नवऱ्याचे, एनॉकचे, डोळे गेले, माग विकला गेला आणि दोघं आमच्या दारात आली. बायकांवर देखरेख करणाऱ्या मेट्रनबाईंनी तिला आत ओढलं तेव्हाही तिने त्याची बाही धरून ठेवली होती. पुढे तिला माझ्या हाताखाली धुण्याला लावलं.

पुरुषांचे सदरे आमच्याकडेच धुवायला येत. एके दिवशी केझियाने लॅव्हेंडरची वाळकी फुलं एका सदऱ्याच्या कॉलरमध्ये शिवली. एनॉकला तो वास आवडायचा. तिला वाटलं, दिसत नसलं तरी वासावरून त्याला कळेल की मी इथेच आहे. पण ‘घरात’ सदरा कोणाच्याच मालकीचा नसतो. ढिगातला हाताला येईल तो अंगात घालायचा. रविवारच्या प्रार्थनेला केझिया पलीकडच्या पुरुषांच्या बाकांकडे आशेने बघत होती, तर तिथला एक अनोळखी म्हातारा कॉलर हुंगत तिच्याकडे बघून सारखा डोळे मिचकावू लागला.

“मेल्याला वाटतंय मी त्याच्यावर भाळले!” केझिया माझ्या कानात म्हणाली. मला हसू आवरेना, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

मला रागच आला. “अगं मावशी, फुलं कसली शिवतेस? साठीच्या पुढच्या जोडप्याने मागितली तर एकत्र खोली द्यायची असा कायदा आहे.”

“मग देत का नाहीत?”

“कोणी मागतच नाही ना! आणि मागायचं हे सांगणार कोण, मेट्रनबाई?”

केझियाने मागितली. पंचांच्या सभेसमोर उभी राहून स्पष्ट मागितली. त्या वर्षी पंचांत पहिल्यांदाच एक बाई निवडून आली होती, मिस क्युबिट. तिने एनॉकला बोलवायला लावलं. अध्यक्षांनी विचारलं, “थर्टल, इथे तुझी काही तक्रार आहे का? खोली हवी का?”

एनॉकने टोपी छातीशी धरली आणि म्हणाला, “नाही साहेब. काही तक्रार नाही. आहे ते बरं आहे.”

झालं. अर्ज निकालात निघाला. केझिया धुण्याच्या खोलीत परतली. संध्याकाळपर्यंत तिने एकच चादर पिळली. मला तर त्या म्हाताऱ्याला भट्टीच्या पाण्यात बुचकळावंसं वाटत होतं.

रविवारी प्रार्थना सुरू झाली. पहिल्या रांगेत मिस क्युबिटही होती. पाद्रीबाबा नम्रतेवर बोलत असताना केझिया उठली. मला वाटलं, तिला बरं नाही. ती मधली वाट ओलांडून सरळ पुरुषांच्या बाजूला गेली आणि एनॉकच्या शेजारच्या माणसाला म्हणाली, “सरका हो जरा.” तो सरकला. ती बसली.

पाद्रीबाबांचं वाक्य अर्धंच राहिलं. मेट्रनबाई तरातरा निघाल्या. एनॉकने चाचपडत केझियाचा हात धरला.

“केझ, जा परत! तुला हाकलतील ना!”

“म्हणून नाही म्हणालास?”

“इथे पुरुषाने काही मागितलं की बायकोला जड काम लावतात, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मला कसं कळणार, तू कुठे आहेस, कशी आहेस?”

“मूर्खा,” ती म्हणाली, “मी तर हाकलून घ्यायलाच इथे बसलेय. पण जायचं तर दोघांनी.”

मेट्रनबाईंनी तिच्या खांद्यावर हात टाकला तेवढ्यात मिस क्युबिट उभी राहिली. “थांबा,” ती म्हणाली आणि एनॉकजवळ आली. “मिस्टर थर्टल, तक्रारीचं राहू द्या. तुम्हाला काय हवं ते सांगा.”

मिस्टर! ‘घरात’ कोणालाही ‘मिस्टर’ म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. एनॉक उठून उभा राहिला. पण केझियाचा हात त्याने सोडला नाही.

“ही हवी,” तो म्हणाला.

पुढच्या सभेत पंचांनी पुष्कळ खळखळ केली. जागा नाही, खर्च फार, उद्या सगळेच मागतील. मिस क्युबिटने त्यांना त्यांचे कोट आणि हॅट ठेवायची खोली दाखवली. तिला खिडकी होती, शेगडीही होती. पंचांनी कोट मांडीवर घेऊन बसावं, असं ती म्हणाल्याचं मी ऐकलं, आणि तिच्याबद्दल मला फार प्रेम वाटलं.

थर्टल जोडप्याची गाठोडी मीच उचलून नेली. मेट्रनबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “दार मात्र उघडं ठेवायचं. इथला नियम आहे.”

केझिया क्षणभर घुटमळली. आत एनॉक भिंतीवरून हात फिरवत खिडकी शोधत होता.

“नवरा-बायकोची खोली आहे, बाई,” ती म्हणाली, आणि मेट्रनबाईंच्या तोंडावर तिने हळूच दार लावून घेतलं.