मेण लावण्याआधी

“मंग हे झाडाचं हाय म्हनता?” भिमाबाईंनी डब्यातलं पिवळं मेण नखाने खरवडून नाकाशी नेलं. “वास तर मधाच्या पोळ्याचा येतोय.”

“दोन्ही आहे त्यात,” जयप्रकाश म्हणाला. “थोडं मधमाश्यांचं, थोडं परदेशातल्या एका ताडाच्या पानावरचं. पानं वाळवून झटकली की मेण पडतं.”

“पानाला मेन कामून लागतं?”

“उन्हात सुकू नये म्हणून.”

“अन् आपल्या इमानालाबी त्याच्यासाठीच?”

“त्याच्यासाठीच. ऊन, पाणी, खाडीची खारी हवा.”

भिमाबाईंचं समाधान झालं, म्हणजे पुढचा प्रश्न सुचेपर्यंत झालं. तुर्भ्याच्या त्या शेडमध्ये त्यांच्या प्रश्नांना सगळे वैतागलेले होते. शेडच्या पुढच्या भागात लोखंडी कपाटं रंगायची आणि मागच्या भागात कुठल्याशा क्लबची ग्लायडर दुरुस्तीला यायची. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान, हे कळल्यावर भिमाबाईंनी सलग आठ दिवस जयप्रकाशचं डोकं खाल्लं होतं. इंजिन नाही तर वर कसं राहतं, वारा पडला तर काय, आत बसणाऱ्याला भीती वाटत नाही का. शेडचा इंजिनिअर असलेल्या जयप्रकाशला ते आवडायचंही. इतर कुणी त्याला काही विचारतच नसे.

भिमाबाई मूळच्या परभणीकडच्या. नवऱ्यामागे नेरूळला एका खोलीत मुलीबरोबर राहत होत्या. त्यांचं काम घासाईचं. पंखावर रंगाचा थर चढला की पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने तो घासायचा, पुन्हा थर, पुन्हा घासाई. नऊ वर्षांत बोटांचे ठसे गुळगुळीत झाले होते, पण तीच बोटं डोळे मिटून सांगायची की थर कुठे जाड आहे आणि कुठे पातळ. म्हणूनच मेण कुठलं लावायचं ते जयप्रकाशने त्यांच्यावर सोपवलं होतं. “फळीवर दोन्ही लावून बघा. तुमचा हात सांगेल ते घेऊ.”

दुसरा उमेदवार होता विलासच्या डब्यात. विलास म्हणजे शेडचा फोरमन. त्याचा मेहुणा न्हावा शेव्याच्या नव्या बंदरात कामाला लागला होता आणि तेव्हापासून विलासच्या घरात आणि बोलण्यात इंपोर्टेड मालाची रेलचेल होती. त्याने आणलेलं पॉलिश दुधासारखं पातळ होतं. एक हात फिरवला की फळी आरशासारखी.

“बोला मावशी,” विलास म्हणाला, “ते पिवळं घासून घासून खांदे जातील तुमचे. हे बघा, एकदम चकाचक. फळीवरचे ओरखडेसुद्धा दिसत नाहीत.”

ओरखडे दिसत नाहीत, हे भिमाबाईंनी कधीच पाहून ठेवलं होतं. त्यांची नजर मागच्या उजव्या पंखाकडे गेली.

पंख म्हणजे लाकडी फासळ्यांवर ताणलेलं, रंग दिलेलं कापड; उजव्या पंखाच्या सातव्या फासळीवर एक राखाडी रेघ होती. चार बोटं लांब, केसाएवढी बारीक. ती भिमाबाईंनी केलेली होती. पाच डिसेंबरला दुपारनंतर त्यांना दादरला जायचं होतं, चैत्यभूमीला. दरवर्षी जायच्या. मुलगी पांढरी साडी नेसून शेडच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, आणि पंखाचा शेवटचा हातभर भाग राहिला होता. तो दोन दिवसांनी केला असता तरी चाललं असतं. पण हातातलं काम अर्धं टाकून बाबासाहेबांपुढे कसं जायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. बारीक कागदाऐवजी त्यांनी जाड कागद उचलला आणि भराभर हात मारून भाग उरकला. फासळीपाशी कापड उंचावलेलं असतं, तिथे थर आधी कापला जातो. हे त्या स्वतः नव्या बायकांना शिकवायच्या.

सात तारखेला परत आल्या तेव्हा रेघ दिसली. पांढरा रंग कापून हात खालच्या चंदेरी रंगाच्या, शेडच्या भाषेत चांदीच्या, थरापर्यंत गेला होता, आणि बोट सांगत होतं की चांदीही पातळ झाली आहे. चांदीचा थर कशासाठी, हेही त्यांनीच पूर्वी विचारलं होतं. तो कापडाला ऊन लागू देत नाही. तो गेला की कापड आतून कुजत जातं, आणि वरून काही कळत नाही.

चार दिवस त्या गप्प होत्या. नोकरी गेली तर मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष कसं पुरं होणार, हा एकच विचार. विलासचं पॉलिश लावलं की रेघ नाहीशी होणार होती. आणि निवड त्यांच्याच हातात होती.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “एक इचारू?”

“आता काय?” विलास हसला.

“ह्याच्यावर उद्या पुन्हा रंग मारायची पाळी आली तर? समजा, कुठं खरचटलं बिरचटलं.”

जयप्रकाश थांबला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने एका बाजूला मेण आणि दुसऱ्या बाजूला पॉलिश लावलेली फळी उचलली, दोन्ही बाजू थिनरने स्वच्छ पुसल्या, स्प्रे गन घेतली आणि दोन्हींवर पांढरा रंग मारला. तिघं वाकून बघत राहिले. पिवळ्या मेणाच्या बाजूला रंग नीट बसला. पॉलिशच्या बाजूला तो क्षणभर बसल्यासारखा वाटला, मग आकसायला लागला. जागोजागी वाटोळी भोकं पडली आणि फळीला देवी आल्यासारखं दिसू लागलं.

“पुसून पण जात नाही,” जयप्रकाश पुटपुटला. “एकदा लावलं की तिथे रंग धरणारच नाही. मावशी, तुम्ही विचारलं म्हणून बरं झालं.”

भिमाबाई त्या भोकांकडे बघत होत्या. म्हणजे रेघ झाकली असती तर ती कायमची झाकली गेली असती. उद्या कुणाला सापडली असती, तरी भरता आली नसती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

“पिवळं मेन लावा,” त्या म्हणाल्या. “पन आज नगा लावू.”

“का?”

“उजवा पंख. सातवी फासळी. म्या कापलीय.”

जयप्रकाशने बॅटरी आडवी धरून रेघ पाहिली, बोट फिरवलं आणि खडूने तेवढा भाग आखून घेतला. विलास मात्र भडकला. शनिवारी माणसं गाडी घेऊन न्यायला येणार, त्यांना काय तोंड दाखवायचं, चार दिवस तोंड शिवून बसल्या होत्या का. भिमाबाईंनी मान खाली घालून ऐकलं. उत्तर द्यावं असं त्यात काही खोटं नव्हतं.

दुरुस्ती त्यांनीच केली. चांदीचे तीन थर, पांढऱ्याचे चार, प्रत्येक थराला सर्वांत बारीक कागद. आठवडा गेला, क्लबची तारीखही पुढे गेली. नोकरी राहिली. पण विलासने मालकांच्या कानावर घातलं आणि मेण लावण्याच्या आदल्या दिवशी भिमाबाईंना पुढच्या भागात, कपाटांच्या घासाईला पाठवलं. पंखाला पुन्हा हात लावायचा नाही. जयप्रकाश त्यांच्याशी बोलायला आला आणि कपाटाचं दार दोनदा उघडून-मिटून परत गेला. मेण रखमा नावाच्या नव्या बाईने लावलं. ते लावताना हाताला कसं लागतं, गरम होतं की गार राहतं, हे भिमाबाईंना फार विचारावंसं वाटलं. पण त्यांनी विचारलं नाही.

ग्लायडर न्यायला क्लबच्या लोकांबरोबर एक मुलगी आली होती. नंदिनी तिचं नाव, विमान तीच उडवायची. भिमाबाई ओल्या हातांनीच मधल्या दारापर्यंत आल्या. पलीकडे जायची त्यांना बंदी होती, म्हणून उंबरठ्यापाशी थांबल्या.

नंदिनीने कागदांवर सह्या केल्या. मग ती उजव्या पंखाच्या मुळाशी गेली, तळवा पंखावर ठेवला आणि डोळे मिटून टोकाकडे चालू लागली. भिमाबाई मनात फासळ्या मोजत होत्या. पाच. सहा. सातवीवरून हात तसाच पुढे गेला, आठवीवर, नववीवर, कुठेही न अडखळता टोकापर्यंत.

भिमाबाई वळल्या आणि बादलीत कागद बुडवून कपाटाच्या दाराशी बसल्या.