इज्जाची बाजू

शुक्रवारी कुसकुस, म्हणजे भाज्या-मांस घातलेली वाफवलेली रव्याची कणी, एकाच मोठ्या परातीत वाढायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून हातानं खायचं, ही आमच्या मोरोक्कोतल्या सूसकडची रीत. तेलासाठी अर्गानच्या बिया फोडणाऱ्या बायांच्या संस्थेतही तेच. सकाळभर दगडावर बिया फोडायच्या आणि दुपारी हात धुऊन परातीशी बसायचं. त्या शुक्रवारी इज्जा हात पुसत आली, तर तिच्यासाठी भिंतीशी वेगळा वाडगा भरून ठेवलेला.

का, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अगादीर शहरातल्या इस्पितळात त्या आजाराच्या औषधाच्या रांगेत संस्थेतल्याच फदूमाच्या नणंदेनं तिला पाहिलं होतं. नणंदेनं फदूमाला सांगितलं, फदूमानं विहिरीवर सांगितलं, आणि विहिरीवर सांगितलं की गावाला सांगून झालंच. आजाराचं नाव मात्र एकीनंही तोंडातून काढलं नाही. 'तिला ते झालंय' एवढंच. वर्षापूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा याच बाया तिच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आता त्या तिला पदर लागू नये म्हणून आखडून बसत होत्या.

संस्थेची प्रमुख मामास तिच्याजवळ आली. मामास काही वाईट बाई नव्हती, फक्त घाबरलेली होती.

"मनाला लावून घेऊ नकोस, इज्जा. पण आपलं तेल लोकांच्या पोटात जातं. फोडताना बोटाला लागतंच. उद्या कुणी नावं ठेवली तर? तू पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस."

या कामावर इज्जाचं घर चालायचं. काम गेलं की दोन्ही लेकरं आपल्याकडे ओढायला तिचे सासू-सासरे टपूनच बसले होते. 'तिला स्वतःचं पोट भरता येत नाही, ती पोरं काय सांभाळणार' असं ते आधीच बोलायला लागले होते. इज्जाला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

तिनं वाडगा उचलला, परातीशी गेली, आतलं सगळं जिथून काढलं होतं तिथंच ओतलं आणि मांडी घालून बसली. घास वळला, तोंडात टाकला. भोवतीचे सगळे हात झटकन मागं गेले.

"जेवा की," इज्जा म्हणाली. "गार होतंय. नाही जेवणार? बरं, मग मी एकटीच खाते. भोपळ्यासकट."

"लाज वाटते का बघा हिला," फदूमा फणकारली. "तसल्या बायांचं दुखणं घेऊन आली आणि वर परातीत हात घालते."

"कसल्या बायांचं? नीट सांग. आणि दुखण्याचं नाव घे. एचआयव्ही म्हणतात त्याला, नाव घेतल्यानं चिकटत नाही. एका परातीत जेवून होत नाही, एका हमामात न्हाऊन होत नाही, शेजारी बसून बिया फोडूनही होत नाही. माझी लेकरं माझ्या कुशीत झोपतात, फदूमा. डॉक्टरीणबाईला हे विचारून विचारून मी भंडावून सोडलं, मगच झोपू दिलं त्यांना. मी रोज गोळी घेते. आता रक्त तपासलं तरी त्यात तो विषाणू सापडत नाही. बोटाला लागलं तर मी पट्टी बांधते, तशी तूही बांधतेस. रक्त लागलेली बी आपण टाकून देतो, मग बोट कुणाचं का असेना."

"मग तुला आलं कुठून ते?"

"माझ्या घरातून. नवरा ईदला कासाब्लांकाहून आला, तेव्हा मी हातापायांना मेंदी लावली, नवी चादर घातली. दारात गाणी कुणी म्हटली? तुम्हीच. वर्षभर दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा राहिलेला माणूस. मी विचारलं, पोरीला बूट आणलेस का. विचारलं, चहाची पेटी आणलीस का. जे विचारायचं होतं ते विचारलं नाही. डोक्यावर रुमाल आहे, दाराला कडी आहे, आपल्याला काय होतंय, असं वाटायचं मला."

"माझा नवरा नाही हो तसला," फदूमा पुटपुटली.

"माझाही नव्हता," इज्जा म्हणाली.

 त्या बायांपैकी एकीचाही नवरा गावात नव्हता. कुणाचा रबातला गल्ल्यावर, कुणाचा तांजाला, आणि सगळ्यांच्या घरी ईदची मेंदी तीच.

समोर लाल्ला केल्तूम बसली होती, सगळ्यांत थोरली, म्हणून सगळ्या तिला मानानं 'लाल्ला' म्हणत. आमच्याकडे लेकराला चालायच्या आधी शिकवतात, की परातीत आपल्या पुढचंच खायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात गेला की चापटी. लाल्ला केल्तूमनं बाही वर केली, सगळी परात ओलांडून हात घातला, इज्जाची बोटं फिरली होती नेमकं तिथलं कुसकुस घेतलं आणि सावकाश घास वळून खाल्ला.

"लाल्ला, हे काय करताय!" मामास ओरडली.

"जेवतेय. तुम्ही बसा उपाशी." तिनं दुसरा घास उचलला, तोही तिथूनच. "माझा म्हातारा जन्मभर रबातला राहिला. मी कधी काही विचारलं नाही. वाचले ती नशिबानं, अक्कल म्हणाल तर माझ्याजवळही तेव्हा नव्हती. आणि या पोरीचं नशीब फिरलं म्हणून हिला भिंतीशी बसवायचं? अगं मामास, हिची ही दशा बघून उद्या दुसरी कोण तपासायला जाईल? ज्या बाईला शंका येईल ती तोंड मिटून मरेल. हिला काढायचं असेल तर माझंही नाव काढ."

बायांपैकी दोघी उठून घरी गेल्या, त्या गेल्याच. बाकीच्या बसून राहिल्या. मामासनं मधलं मांस तोडून पहिला वाटा इज्जाच्या पुढ्यात ठेवला.

"सोमवारी वेळेवर ये," ती म्हणाली.  "उशीर झाला तर मी बोलणार, हे लक्षात ठेव."

"बोला की," इज्जा म्हणाली. "पण वाडगा पुन्हा दिसला, तर मी गप्प बसणार नाही."

ईदच्या आधी तपासणीसाठी अगादीरला जाणाऱ्या बसमध्ये इज्जासोबत संस्थेतल्या बऱ्याच बाया होत्या. सगळ्यांच्या पुढं फदूमा. परतीच्या वाटेवर तिनं सगळ्या बसच्या देखत नवऱ्याला फोन लावला.

"हो, मी केली तपासणी. माझं ठीक आहे. आता तुझी पाळी. नाही, संशय घेत नाही. संशय असता तर भांडले असते, मी तर सांगतेय. ओरड, हवं तेवढं ओरड, तुझीच गिऱ्हाईकं ऐकतील. तपासणी करून ये, नाहीतर अंगण मोठं आहे, ईदच्या मेंढ्याशेजारी झोप."

बसमध्ये हशा उसळला, आणि सगळ्यांत मोठ्यानं इज्जा हसली.

तर बायांनो, आजारी माणसाचा वाडगा वेगळा केल्यानं कुणाचं घर वाचत नाही. घर वाचतं ते तपासणीनं, औषधानं आणि तोंड उघडून विचारल्यानं. नवऱ्याची वाट पाहा, हौसेनं मेंदी लावा, आणि विचारा. विचारायची लाज वाटत असेल, तर इज्जाला बोलवा. ती येईल, आणि तुमच्याच परातीत जेवेल.