थोरलीच्या अंगावरचं माझं वेष्टन

मित्रांनो, मी एका कादंबरीची जुनी प्रत आहे. दुसऱ्या आवृत्तीची. हे 'दुसऱ्या' मी आधीच सांगून टाकते, कारण मागाहून कळलं की लोकांचे चेहरे पडतात. मला त्याची सवय झाली आहे, पण आवड नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. कागद साधा, थोडा पिवळसर. शाई मात्र चांगली काळीभोर. पानं शिवली गेली, कडा यंत्राखाली सरळ कापल्या गेल्या, पुठ्ठा चढला आणि सगळ्यात शेवटी अंगावर वेष्टन आलं. निळं वेष्टन होतं ते. त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेला पूल आणि पुलावर छत्री घेऊन उभा असलेला एक माणूस. बांधणी करणाऱ्याने मला हातात धरून शेजारच्याला म्हटलं, "बघ, कशी नटलीय!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

मला विकत घेतलं ते टेलिफोन खात्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण मुलीने. तिला मी बाई म्हणते. बाईंनी मला घरी नेलं, उघडून आधी नाकाशी धरलं आणि मग दोन दिवसांत वाचून संपवलं. पुढे दर वर्षी त्या मला एकदा वाचायच्या. हातात पेन्सिल असायची. समासात त्या लेखकाशी चक्क भांडायच्या. 'खोटं!' असं लिहायच्या. 'मी असते तर त्याच दिवशी घर सोडलं असतं' असंही लिहायच्या. वाचून झालं की शेवटच्या पानावर तारीख टाकायच्या. लग्न होऊन त्या सासरी आल्या, तेव्हा मी त्यांच्या पिशवीत होते.

त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. माणूस सरळ, मनाने चांगला. पण त्यांना जुन्या पुस्तकांचा नाद. वरच्या मोठ्या खोलीत काचेचं कपाट, त्याला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. दर रविवारी सकाळी तिथे त्यांच्यासारख्याच नादिष्टांची बैठक भरायची. दातांचे डॉक्टर यायचे, जुनी पुस्तकं विकणारे दाढीवाले यायचे, आणखी दोन-चारजण असायचे. चहा व्हायचा आणि मग तासन्‌तास बोलणं चालायचं. आवृत्ती कितवी, कागद कुठला, बांधणी कुणाची, सही खरी की खोटी, कसर लागली आहे का. कुठल्या लेखकाने कुठल्या लेखकाकडे कुणाच्या घरी पाठ फिरवली, तेही. गोष्ट कशी आहे, हे मात्र त्या खोलीत मी एकदाही ऐकलं नाही.

त्यांचा एक नियम होता. चांगल्या पुस्तकाच्या दोन प्रती बाळगायच्या, एक वाचायला आणि एक ठेवायला. ठेवायची ती काचेत. वाचायची ती कुठेही. मी अर्थातच कुठेही असायचे. उशीपाशी, खिडकीत, एकदा तर तीन दिवस पिठाच्या डब्यावर.

आणि मग एका रविवारी ती आली. थोरली.

माझीच कादंबरी, पण पहिली आवृत्ती. जाड, पांढराशुभ्र कागद. आत लेखकाची सही. तिच्या आवृत्तीच्या कडा छापखान्यात कापल्याच नव्हत्या, वाचणाऱ्याने घरी सुरीने पानं सोडवायची होती. हिची पानं अजून एकमेकांना जोडलेलीच होती. म्हणजे इतक्या वर्षांत हिला कुणीही वाचलं नव्हतं. आणि त्याचंच कौतुक! दातांचे डॉक्टर उठून उभे राहिले. दाढीवाल्यांनी हात पुसून तिला घेतलं. मी बाजूला स्टुलावर पडले होते. माझ्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

"एकच कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "वेष्टन नाही. वेष्टनाशिवाय प्रत पूर्ण म्हणत नाहीत."

मित्रांनो, चष्मेवाल्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली, तेव्हाच मी काय ते ओळखलं. बैठक उठल्यावर त्यांनी कप उचलला, माझं वेष्टन अलगद काढलं आणि थोरलीच्या अंगावर चढवलं.

बाई दारात उभ्या होत्या. "अहो, ते हिचं आहे."

"अगं, वाचायच्या पुस्तकाला वेष्टन कशाला? फाटूनच जाईल. तिथे कसं शोभून दिसतंय बघ."

"हिच्यावर शोभत नव्हतं का? आणि ते दुसऱ्या आवृत्तीचं—"

"असू दे गं. निळं ते निळंच," असं म्हणून त्यांनी कुलूप लावलं.

त्या दिवसापासून माझा जो जळफळाट सुरू झाला, तो अकरा वर्षं चालला. लपवून काय करू? मला तिचा कागद हवा होता. तिची सही हवी होती. माझा स्वतःचा पूल आणि माझा छत्रीवाला माणूस काचेपलीकडून माझ्याकडे बघत होता आणि दर रविवारी लोक म्हणत होते, "वा! काय वेष्टन टिकलंय!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माझ्या कडा कापलेल्या, तिच्या न कापलेल्या, त्यामुळे वेष्टन तिला वरून बोटभर तोकडं पडत होतं. धाकट्या बहिणीचा झगा घालून मिरवणारी ती! पण ते कुणाला दिसेल तर शपथ. माणसं चष्म्याच्या दुकानाच्या वरच बसत होती, आणि तरीही दिसत नव्हतं.

बाई मला वाचत होत्याच. दर वर्षी, पेन्सिल घेऊन. माझा कणा सैल झाला, तेव्हा त्यांनी स्वतः खळ लावून तो चिकटवला. पण मला त्याचं काही वाटेना. त्या वाचत असायच्या आणि माझं लक्ष कपाटाकडे असायचं. हे आज सांगताना मला लाज वाटते.

माझी सगळी आशा एका गोष्टीवर होती. माझ्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर प्रकाशकाने चार ओळी छापलेल्या आहेत. त्या कुणी वाचल्या की थोरलीचं पितळ उघडं पडणार होतं. पण वाचणार कोण? ती मंडळी पुस्तक हुंगायची, मोजायची, उजेडात धरायची. वाचत नव्हती.

शेवटी वाचलं ते डॉक्टरांनी, आणि तेही निव्वळ मत्सरापोटी. त्यांना त्याच कादंबरीची पहिली आवृत्ती मिळाली होती, पण वेष्टनाविना. ती काखेत घेऊन ते एका रविवारी आले आणि म्हणाले, "तुमचं वेष्टन बघू जरा नीट." चष्मेवाल्यांनी ऐटीत थोरली काढून दिली. डॉक्टरांनी घडी उलगडली, चष्मा वर केला, आणि मग मोठ्याने वाचू लागले.

"'या कादंबरीची पहिली आवृत्ती सहा महिन्यांत संपली. वाचकांच्या आग्रहावरून ही दुसरी आवृत्ती सादर करताना...'"

मग डॉक्टर हसायला लागले. मग सगळेच. "काय हो, पहिल्या आवृत्तीला आधीच कळलं होतं वाटतं, आपण संपणार म्हणून!"

मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. पण चष्मेवाल्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. अकरा वर्षं ते सगळ्यांना ती 'पूर्ण प्रत' दाखवत आले होते. ते बाईंकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"होतं की. वाचलंय मी ते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते. तुम्ही म्हणालात, निळं ते निळंच."

आता पुन्हा हशा होणार, तेवढ्यात दाढीवाल्यांनी मला स्टुलावरून उचललं. त्यांनी थोरलीचं वेष्टन काढून माझ्या अंगावर घातलं. काठाला काठ जुळला. "हसू नका," ते म्हणाले. "याची पहिली आवृत्ती आपल्यातल्या चौघांकडे आहे. सगळ्यांनी जपून ठेवली. दुसरी आवृत्ती लोकांनी वाचून वाचून फाडली. वेष्टनासकट दुसरी मी आज पहिल्यांदा बघतोय. खरी दुर्मीळ ही आहे."

डॉक्टरांचं हसू मावळलं. चष्मेवाल्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं, अगदी तान्ह्या बाळासारखं. "आजपासून हिला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले आणि मला काचेत ठेवलं. किल्ली फिरली. मित्रांनो, त्या क्षणी मी काय फुगले होते म्हणून सांगू!

"आणि मी काय वाचू?" बाईंनी विचारलं.

"नवी आवृत्ती आणून देतो ना."

"नवी कशाला? घरात आहे की एक." बाईंनी टेबलावरची उघडी थोरली उचलली, भाजी चिरायची सुरी आणली आणि खुर्चीवर बसल्या. चष्मेवाल्यांचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला. सगळ्यांदेखत 'नाही' तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? पहिलं पान सुटलं. खर्रर्र. मग दुसरं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझ्याकडे थोरलीचं सगळं आलं. काच, कुलूप, रविवारची शाबासकी. आणि थोरलीकडे माझं. ती उशीपाशी असते. तिच्यावर चहाचे डाग पडले आहेत. संध्याकाळी दुकान बंद करून चष्मेवाले वर येतात आणि बाई त्यांना तिच्यातलं मोठ्याने वाचून दाखवतात. परवा ते म्हणाले, "अरेच्चा, हा पुलावरचा माणूस असा आहे होय?" इतकी वर्षं त्यांनी त्याचं फक्त चित्र पाहिलं होतं. मी आतून ऐकत असते आणि पुन्हा जळत असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं आहे माझं.

एका संध्याकाळी वाचता वाचता बाई थांबल्या. "अहो, इथे मी समासात काहीतरी लिहिलं होतं. लग्नाच्या आधी."

चष्मेवाले लगबगीने किल्ली घेऊन आले. कुलूप उघडलं. बाहेरची हवा माझ्या पानांना लागली. मला ते पान ठाऊक होतं, ती ओळही ठाऊक होती. नुसतं हातात घेतलं असतं, तर मी आपणहून तिथेच उघडले असते.

"थांब, हात धुऊन काढतो तिला," ते म्हणाले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "आठवलं मला."

आणि त्यांनी ती ओळ थोरलीच्या समासात लिहिली. पेन्सिलीचा तो बारीक आवाज मी इथून ऐकला. मग किल्ली फिरली.

मित्रांनो, पुस्तकांची काळजी घ्या, असं मी तुम्हांला सांगायला हवं. तर माझ्यावर धूळ नाही. मला कसर लागलेली नाही. माझी इतकी काळजी आजवर कुणीही घेतली नव्हती. तरी तुमच्या घरी कुलपात एखादी प्रत असेल, तर आजच किल्ली शोधा आणि तिला बाहेर काढा. एखादं पान दुमडलं तर दुमडू द्या, डाग पडला तर पडू द्या. आणि कधी चष्मा दुरुस्त करायला आमच्या दुकानात आलात, तर जिना चढून वर या. चष्मेवाले हौसेने मला दाखवायला काढतील. तेव्हा 'वा' म्हणू नका, वेष्टनाकडे बघू नका. त्यांना एवढंच विचारा, "घरी नेऊन वाचू का?"