पत्र्यावरच्या दगडाची नोकरी

मित्रांनो, गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलेला दगड तुम्ही पाहिला असेल. तो मीच. बारामतीजवळच्या पणदऱ्यात मुजफ्फरभाईंच्या विहिरीतून सुरुंगाने बाहेर पडलो, तेव्हा मला ना धड आकार होता, ना काम. मुजफ्फरभाईंनी मला उचलून पाहिले, "अकरा किलो भरंल," म्हणाले आणि पत्र्यावर चढवले. हीच माझी नेमणूक. सोबतीला आणखी आठ दगड आणि ट्रॅक्टरचा एक फाटका टायर.

चौदा वर्षे मी एका जागी बसून काम केले. उन्हाळ्यात इतका तापायचो, की कावळा बसताच ओरडून उडायचा. शेजारचे नाना येता-जाता म्हणायचे, "ह्यो दगूड हाय तवर पत्रा हलायचा न्हाय." ते ऐकून मी फुगायचो. दगडाला जितके फुगता येते तितके.

यंदा अरबी समुद्रात चक्रीवादळ उठले. मोबाईलवर पहिल्या दिवशी पिवळा इशारा आला, म्हणजे लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी नारंगी, म्हणजे तयार राहा. मुजफ्फरभाईंची तयारी ठरलेली. त्यांनी आणखी चार दगड वर चढवले.

त्यांची मुलगी रुक्सार बारामतीला भौतिकशास्त्र शिकते. ती शिडीखाली येऊन उभी राहिली. "अब्बा, दगडं उतरवा. पत्रं हुकानं आवळू. आन् चमेलीला घरात घ्या."

चमेली म्हैस आज-उद्या विणार होती आणि बरोबर माझ्या खालीच बांधलेली होती.

"म्हस हॉलमंदी?" मुजफ्फरभाई म्हणाले. "टीव्ही पण लावू का तिला?"

"आजून लाल कुठं झालंय?" नानांनी कुंपणावरून विचारले. "लाल झाल्यावर बघू."

"लाल झाल्यावर शिडीवर तुमी चढणार का, नाना?"

नाना खोकले.

"ताशी सत्तर किलोमीटरचा वारा एका पत्र्याला सत्तर किलोच्या जोरानं वर ओढतो," रुक्सार म्हणाली. "तुमचा दगूड अकरा किलोचा. पत्रा जाईलच, वर दगूड चमेलीच्या डोक्यात."

माझा इतका अपमान सुरुंगानेही केला नव्हता.

मुजफ्फरभाई कुरकुरत पुन्हा शिडी चढले आणि संध्याकाळपर्यंत पत्रे आवळले गेले, दगड खाली आले. कोपऱ्यातल्या शेवटच्या पत्र्याला मात्र हुक पुरले नाहीत. मुजफ्फरभाईंनी मला थोपटले. "ह्यो एक राहू दे. ह्याचा भरवसा हाय." रुक्सारने वाद घातला नाही. चमेलीचे दावे सोडले आणि तिला थेट हॉलमध्ये नेऊन बांधले.

तिसऱ्या दिवशी दुपारी इशारा लाल झाला. सगळे पक्क्या घरात, दारे-खिडक्या बंद. तीनच्या सुमाराला माझा पत्रा फडफडला. मी जीव खाऊन दाबत होतो, खरे सांगतो. पण तो खालून असा उठला, की मी घरंगळलो. पत्रा नानांच्या उसात गेला आणि मी थेट चमेलीच्या गव्हाणीवर. गव्हाणीचे दोन तुकडे झाले.

वारा थांबल्यावर मुजफ्फरभाई आले. आधी मला पाहिले, मग गव्हाण. घरातून रुक्सारची हाक आली, "अब्बा, चमेली व्याली! रेडी झाली!" ते लगेच गेले नाहीत. माझ्यावर हात ठेवून उकिडवे बसले.

"चमेलीचं डोकं हितंच असतं," एवढेच म्हणाले.

मित्रांनो, मी वाईट नाही. जड आहे, इतकेच. पिवळा इशारा दिसला की शिडी लावा, पत्रे आवळा आणि माझ्या भावांना खाली उतरवा. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.