शब्द म्हटला की दार उघडतं

करून सवरून नामानिराळं कसं राहावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने त्या दिग्दर्शकाची शिकवणी लावावी. त्याच्या सिनेमात काम करताना एक पोरगा बुडून मेला, आणि हा पठ्ठ्या सिनेमाच्या पहिल्याच पाटीवर हात जोडून हजर: ‘आमच्या शूर मित्रास अर्पण.’ शूर मित्र म्हणे! जिवंत होता तेव्हा त्याला कधी बसायला खुर्ची दिली नाही.

तो पोरगा म्हणजे आवाजवालीचा धाकटा भाऊ. नटांच्या बदली उड्या मारायचा, जिन्यावरून गडगडायचा, म्हणून सगळे त्याला टोळ म्हणत. आणि ती आवाजवाली, कारण सिनेमात जे ऐकू येतं त्यातलं निम्मंअधिक तिच्या हातापायांतून निघतं. पडद्यावर नटी जिना चढते, पावलं हिची. स्टुडिओतल्या तिच्या खोलीत एक वाळूची परात, एक खडीची परात, जुन्या बुटांचा ढीग, पाण्याचा टब आणि भिंतीशिवाय नुसतंच चौकटीत उभं केलेलं एक दार, त्याला नाना तऱ्हेची कुलपं. कुणाचं हाड मोडायचं असलं की ती गाजर मोडते. “आमच्या ताईने लोकांची हाडं मोडली आणि वर खाल्लीसुद्धा,” असं टोळ चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच खिदळायचा.

सिनेमा असा: एकमेकांना न ओळखणारी माणसं एका बंद घरात जागी होतात. प्रत्येक खोलीत एक कोडं. सुटलं तर पुढचं दार उघडतं, चुकलं तर मरण. त्यातली एक खोली काचेची, आणि तिच्यात खालून पाणी चढत जातं. त्या खोलीत नटाच्या जागी टोळ उतरला होता.

आता अशा सिनेमाची एक पंचाईत असते. आतला माणूस काच बडवतो, “वाचवा, दार उघडा” म्हणून गळा काढतो, ते सगळं आधीच लिहिलेलं असतं. मग खरंच जिवावर बेतलं तर बाहेरच्यांना कळायचं कसं? त्यासाठी एक शब्द ठरवतात, मरताना कुणाच्या तोंडी येणार नाही असा. टोळाने सुचवला ‘भोपळा’. गणितात मला दर वर्षी तोच मिळाला, म्हणाला, मेलो तरी विसरणार नाही. नियमही त्यानेच बसवून घेतला. हा शब्द ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं टाकायचं आणि तोच शब्द ओरडून पुढे द्यायचा. दिवेवाल्याने सगळे दिवे लावायचे, सुताराने दार उघडायचं, कारण विचारत बसायचं नाही. ही सवय अंगात इतकी मुरली, की एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी सहज म्हणालं, “आमच्या कुंपणावर यंदा भोपळा लागलाय,” आणि अख्खं युनिट ‘भोपळा, भोपळा’ करत काचेच्या खोलीकडे धावलं. सुताराच्या हातात तर अर्धा घास होता.

पण त्या दिवशी कुणी ओरडलंच नाही. काच जाड, आतलं बाहेर येत नाही. आतल्या माइकचे हेडफोन दोघांच्याच कानाला: दिग्दर्शकाच्या आणि माइकवाल्याच्या. टोळाने काच बडवली ती सगळ्यांनी पाहिली, पण काच तर बडवायचीच होती. दार उघडलं तेव्हा तो गेलेला होता.

“तो शब्द बोललाच नाही हो,” दिग्दर्शकाने डोळ्यांना रुमाल लावत पोलिसांना सांगितलं. “श्वास रोखून दाखवायची फार हौस त्याला. त्या वेळचा आवाजही नीट नोंदला गेला नाही, नाहीतर ऐकवलं असतं.” माइकवाल्याने नुसती मान हलवली, आणि त्याच आठवड्यात काम सोडून जो गेला तो गेलाच.

घरी आईने भिंतीवरचा टोळाचा फोटो उतरवला आणि कपाटात पालथा ठेवला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली. भांडी घासता घासता मध्येच थांबायची. “एक शब्द गं. एक शब्द बोलायला काय झालं होतं मेल्याला?” म्हणायची, आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकायची. “फुशारकी! बापावर गेला. मला जिवंतपणी मारून गेला.”

आवाजवालीला ते पटत नव्हतं. टोळ फुशारकी मारायचा ती तोंडाने. कामाला उभा राहिला की पहिल्या नंबरचा भित्रा. नाडी बांधून पुन्हा बांधायचा, दोर ओढून पुन्हा ओढायचा. “ताई, शूर माणसं आमच्या धंद्यात टिकत नाहीत,” असं त्याचंच म्हणणं. असला माणूस गळ्याशी पाणी आल्यावर गप्प बसेल? छे!

म्हणून तोच सिनेमा आवाज चढवायला त्यांच्या स्टुडिओत आला तेव्हा तिने काम घेतलं. मावशीने तोंडावर विचारलं, “जिथे भाऊ गेला तिथलंच काम? लाज कशी नाही वाटत?” ही म्हणाली, “काम आहे, मावशी.” पोटात होतं ते पोटातच ठेवलं.

तिने त्या घरातली सगळी कुलपं वाजवली, परक्या माणसांची पावलं चालली, गाजरं मोडली. मग पाण्याच्या खोलीची पाळी आली. पडद्यावर टोळाची पाठ दिसत होती, पाणी छातीपर्यंत. संगीत, वर नटाचं “वाचवा”, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक किंकाळी. सुरू होते न होते तोच तोडलेली.

“काका, थांबवा,” ती म्हणाली. काका म्हणजे आवाजांची मिसळण करणारे, स्टुडिओतले सगळ्यांत जुने. “ही खालची कुणाची?”

“नटाची.”

“नट वर बोलतोय. खालची?”

काका चष्मा पुसायला लागले. “सर म्हणाले, हिला हात लावायचा नाही. खरी भीती विकत मिळत नाही म्हणाले.”

“ह्या पोराला मी कडेवर घेऊन फिरवलंय, काका. सर्दी झाली तरी त्याचा आवाज मला कळतो. पुरी लावा.”

काकांनी मूळ नोंद पुरी लावली. म्हणजे आवाज नीट नोंदला गेला होता. असा स्वच्छ नोंदला होता की पाणी काचेला लागल्याचंही ऐकू येत होतं. आणि त्यात टोळ ओरडत होता, “भोपळा! भोपळा! दार उघडा, भोपळा!” मग काचेच्या खोलीतल्या स्पीकरवरून दिग्दर्शकाचा आवाज आला, खुशीत आलेला: “मस्त चाललंय! चालू राहू दे!” त्यावर टोळ म्हणाला, “भोपळा, सर.” अहो, सर म्हणाला! मरतानाही त्या नराधमाला सर म्हणाला. पुढे नुसतं पाणी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडून घेतलं, टबाला लाथ घातली, वाळूची परात उधळली. त्या लबाडाने भावाची किंकाळी ठेवून घेतली होती, कारण ती त्याला आवडली होती, आणि त्यातला शब्द तेवढा कापून टाकला होता.

“पोलिसांकडे जा,” काका हळूच म्हणाले.

“जाणारच. पण तिथे तो वकील घेऊन बसेल. आधी आईने ऐकलं पाहिजे. आणि त्या दिवशी काचेबाहेर उभे होते त्या सगळ्यांनी. मला तो त्यांच्यासमोर एकटा पाहिजे, काका.”

“माझ्या पोटावर पाय येईल गं.”

“तुम्ही काही करूच नका. सर आवाज पास करून गेले, की शेवटची प्रत काढायच्या आधी तुम्ही फक्त चहाला जा.”

सर आले, डोळे मिटून सगळं ऐकलं, पास केलं. “ताई, पाण्यात जीव ओतलास तू,” म्हणाले. जीव! शब्द काय निवडतो बघा. ती खाली मान घालून उभी राहिली, कारण वर बघितलं असतं तर हातून काहीतरी झालं असतं. ते गेले आणि काका उठले. “आज चहा जरा उकळून घेतो,” म्हणाले, आणि चहा इतका उकळला की संध्याकाळीच परतले. तोवर तिने संगीत काढलं होतं, नटाचं “वाचवा” काढलं होतं, आणि भावाला त्याचा शब्द परत दिला होता.

पहिला खेळ दुपारचा होता. आई यायला तयार नव्हती. “त्या मूर्खाच्या नावाने टाळ्या पिटणार, आणि मी बघत बसू?”

“माझ्यासाठी चल, आई.”

“तुझ्यासाठी म्हणून,” आई म्हणाली आणि चपला घातल्या. वाटेत आईला बाहेर थांबवून आवाजवालीने त्या किंकाळीची प्रत पोलीस चौकीत दिली. तिथल्या साहेबांनी कानाला लावून ऐकली, परत ऐकली, आणि टोपी उचलत म्हणाले, “खेळ संपायच्या आत पोचतो.”

थिएटर भरलं होतं. बाहेरचे प्रेक्षक मागे, युनिटची माणसं पुढे, माय-लेकी पहिल्या रांगेत. ‘शूर मित्रास अर्पण’ची पाटी आली, टाळ्या झाल्या. आईने मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत धरले.

आता ह्या दिग्दर्शकाची एक खोड होती, तिचा त्याला मोठा अभिमान. भीतीचा प्रसंग आला की तो उठून पडद्यासमोर जायचा, पडद्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि लोकांची तोंडं बघायचा. “सिनेमा काय बघायचा? मी माणसं बघतो,” असं मुलाखतीत सांगायचा. पाण्याची खोली आली तसा तो उठला, खिशात हात घालून समोर जाऊन उभा राहिला.

“भोपळा!” टोळ पडद्यावरून ओरडला.

मागचे प्रेक्षक हसले. हसणारच, त्यांना काय माहीत! दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर अजून हसूच होतं, नुसतं ओठांवर अडकलेलं. त्याची नजर पुढच्या रांगांवर होती.

“भोपळा! दार उघडा, भोपळा!”

तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “भोपळा!” आपण काय करतोय हे त्या माणसाला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, सवय ओरडली. मग रंगारी ओरडला, कपडेवाली ओरडली, मग सगळेच, उभे राहून, गळ्याच्या शिरा ताणून. दिवेवाला भिंतीकडे धावला आणि त्याने सापडतील ती सगळी बटणं खाली केली. थिएटर लख्ख उजळलं. सुतार माणसं तुडवत बाहेरच्या दाराशी पोचला, त्याने कडीला हात घातला.

तेवढ्यात ते आलं. “मस्त चाललंय! चालू राहू दे!”

आवाज कुणाचा, हे सांगायला नको होतं. त्या आवाजाने त्यांना रोज हाका मारल्या होत्या.

“भोपळा, सर,” टोळ म्हणाला.

मागचं हसणं केव्हाच थांबलं होतं. सुताराने कडीवरचा हात काढला, वळला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. दुसऱ्या दाराशी दिवेवाला जाऊन उभा राहिला.

आईने लेकीचा दंड धरला, नखं रुतली. “बोलला,” म्हणाली. “अगं, बोलला तो! बोलला होता माझा पोरगा! आणि मी त्याला—” आवाजवालीने तिला जवळ घेतलं, पण आईने तिचा हात बाजूला केला, डोळे पुसले आणि उठली.

दिग्दर्शक सुताराच्या दाराशी गेला होता. “बाजूला हो.” सुतार हलला नाही. तो दुसऱ्या दाराकडे वळला, दिवेवाल्याने हाताची घडी घातली. “हे सगळं बनावट आहे,” तो लोकांना सांगू लागला. “तांत्रिक चूक आहे! ही बाई... हिनेच...” सगळे नुसते बघत होते. लोकांची तोंडं बघायची होती ना, घे, बघ पोटभर. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. “अरे, दार उघडा! श्वास कोंडतोय माझा!”

आई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बुटकी बाई, त्याच्या खांद्याएवढीही नाही.

“असं ओरडून कसं कळणार? इथे सगळेच ओरडतात,” ती म्हणाली. “शब्द म्हण. शब्द म्हटला की दार उघडतं.”

त्याने सुताराकडे पाहिलं, दिवेवाल्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या आवाजवालीकडेही पाहिलं. तिने नजर हटवली नाही. बरं वाटत होतं तिला, खोटं कशाला बोला.

“भोपळा,” तो म्हणाला. आवाज असा बसलेला, की मागच्या रांगेला गेलाही नसेल.

त्याने तो परत म्हटला, जरा मोठ्याने. नियम सगळ्यांना पाठ होता, पण कुणीही तो शब्द पुढे दिला नाही. बाहेर पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज आला. आई शांतपणे आपल्या जागेवर परत गेली, बसली आणि तिने पिशवी मांडीवर घेतली.

“मस्त चाललंय,” ती म्हणाली. “चालू राहू दे.”